मंडळीचा रोजचा कारभार: इंदूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नव्याने रुजू झालेल्या पाळकांसाठी, पास्टोरेट कमिटीवर (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर) पहिल्यांदाच निवडून आलेल्यांसाठी, खजिनदारांसाठी आणि संडेस्कूलच्या ताई-दादांसाठी आहे. धर्मशास्त्राचे प्रश्न इथे नाहीत. रविवारी साडेनऊला माईक का शिट्टी मारतो, कबर खणायला किती वेळ लागतो, असे प्रश्न आहेत.

मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतात. उपासना हिंदीत करून टाकावी का?

घाई करू नका. लिपी एकच असल्यामुळे मुलांना मराठी शास्त्रपाठ (बायबलमधला उतारा) वाचता येतो. ती अडतात शब्दांवर. ‘तारण’, ‘नीतिमत्त्व’, ‘अनुताप’ त्यांनी ऐकलेले नसतात. त्याहून घोटाळा होतो तो दोन्ही भाषांत असलेल्या पण अर्थ बदललेल्या शब्दांनी. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात, ५३व्या अध्यायात, देवाच्या सेवकाला आमच्याऐवजी शिक्षा झाली असं येतं. हिंदी शाळेतल्या मुलाला ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. ‘देवाचा राग’ म्हटलं की त्याला गाण्यातला राग आठवतो. शास्त्रपाठाआधी असे दोन-तीन शब्द अर्ध्या मिनिटात सांगून टाकले की बरंच काम होतं.

उपदेशाचं वाक्यागणिक भाषांतर मात्र करू नये. वीस मिनिटांचा उपदेश चाळीस मिनिटांवर जातो आणि दोन्ही भाषांचे लोक अर्धा वेळ घड्याळाकडे बघतात. उपदेश मराठीत करावा आणि शेवटी तीन मिनिटांत त्याचा सार हिंदीत सांगावा. चार गीतांपैकी एक हिंदी ठेवावं. प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार आणि आशीर्वाद मात्र मराठीतच ठेवा, कारण ते मुलं कानाने शिकतात, पुस्तकातून नव्हे. हिंदी किंवा मल्याळी घरातून आलेल्या सुनेला नुसतं बसवून ठेवू नका. महिन्यातून एकदा तिला तिच्या भाषेत शास्त्रपाठ वाचायला द्या.

गीतं ओढली जातात, लोक मध्येच गप्प होतात. का?

बहुतेक वेळा पट्टी चढी असते. इंग्रजी चालींची गीतं पुस्तकात गायकवृंदाच्या सोयीने लावलेली असतात, सकाळी नऊला बसलेल्या साठीच्या काकांच्या नव्हे. काळी एक किंवा पांढरी दोन लावून बघा. सर्वांत वरच्या ओळीला लोक तोंड मिटत असतील तर आणखी एक सूर खाली या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजनाच्या वळणाची जी गीतं लिहिली, ती पेटी-तबल्यावर आपोआप चालतात. त्यांना कीबोर्डचा तयार ठेका लावला की जीव जातो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

माईक शिट्टी मारतो.

स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरतो म्हणून. स्पीकर वेदीच्या मागच्या भिंतीवर असतील तर कितीही महाग मिक्सर आणला तरी शिट्टी येणारच. स्पीकर बोलणाऱ्याच्या पुढे, मंडळीच्या बाजूला आणा आणि त्यांची तोंडं बाकांकडे वळवा. माईक तोंडापासून चार ते सहा इंचांवर असावा. हातभर लांब धरला की माणूस मिक्सरवर आवाज वाढवतो आणि तिथूनच गडबड सुरू होते. वापरात नसलेले माईक बंद ठेवा. जुन्या उंच छताच्या चर्चमध्ये आवाज घुमतो, तिथे आवाज वाढवल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट बुडतात. तिथे बोलण्याचा वेग कमी करावा लागतो.

दानार्पणाचे पैसे मोजायची नीट पद्धत कोणती?

मोजणारे दोघे असावेत, एकमेकांचे नातेवाईक नसावेत, आणि त्यांतला एकही खजिनदार नसावा. उपासना संपल्यावर लगेच, वेस्ट्रीत (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत), दार उघडं ठेवून मोजा. छापील तक्त्यावर ५००, २००, १००, ५०, २०, १० आणि नाणी अशा ओळी असाव्यात. दशांशाची पाकिटं वेगळी मोजायची, पाकिटावरचा क्रमांक आणि रक्कम लिहायची. तक्त्याच्या दोन प्रती, दोघांच्या सह्या. एक प्रत खजिनदाराकडे, एक सचिवाच्या फाइलला. सोमवारी किंवा मंगळवारी पूर्ण रक्कम बँकेत.

‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. घोटाळे बहुतेक चोरीने होत नाहीत, सोयीने होतात. फुलवाल्याचे ३०० रुपये थैलीतूनच दिले, इलेक्ट्रिशियनचे ४५० दिले आणि उरलेले भरले. सहा महिन्यांनी बँकेचा आकडा आणि तक्त्याचा आकडा जुळत नाही आणि प्रामाणिक माणसाकडे बोटं दाखवली जातात. किरकोळ खर्चासाठी वेगळी ठरावीक रक्कम, समजा २,००० रुपये, खजिनदाराकडे द्या. पावत्या आल्या की तेवढीच भरपाई करा.

क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा हवा, खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरचा नको. आठवड्याला एकदा कोणीतरी एक रुपया पाठवून नाव बरोबर येतं का ते पाहावं, कारण फलकावर दुसरा स्टिकर चिकटवून जाणारे महाभाग असतात.

अमेरिकेतला भाचा छपरासाठी पैसे पाठवतो म्हणतो. घ्यायचे का?

आधी एकच प्रश्न विचारा: पासपोर्ट कोणता? भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ते विदेशी योगदान धरलं जात नाही. पासपोर्टची प्रत आणि त्याचं पत्र फाइलला लावा. नागरिकत्व बदललं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी तो कायद्याने परदेशीच. एफसीआरए (विदेशी योगदानाच्या कायद्याखालची) नोंदणी नसताना त्याचे शंभर डॉलरही खात्यात घेऊ नका. नोंदणी असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी यावी लागते आणि पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ‘मामाच्या खात्यात टाकतो, मामा देतील’ ही युक्ती म्हणजे मामाला अडचणीत घालणं.

शंभर जणांच्या प्रभुभोजनाला (ब्रेड आणि द्राक्षरसाच्या विधीला) किती लागतं?

छोट्या पेल्यात रस साधारण १० मिलि भरतो, म्हणजे शंभर पेल्यांना एक लिटर. वर पाव लिटर जास्त ठेवा. घरी करायचं असेल तर पाव किलो काळे मनुके धुऊन दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी त्याच पाण्यात वीस मिनिटं उकळा, कुस्करून मलमलच्या कापडातून गाळा. उकळताना पाणी आटतं, म्हणून दीड लिटर. एप्रिल-मेमध्ये हा रस बाहेर राहिला तर दुसऱ्या दिवशी फसफसतो. शनिवारी करून फ्रिजमध्ये ठेवला तर रविवारी चांगला राहतो, पुढच्या रविवारपर्यंत नाही.

ब्रेडच्या कडा काढून एका स्लाइसचे सोळा तुकडे केले तर शंभर जणांना सात स्लाइस पुरतात. रात्री कापून ठेवलेला ब्रेड सकाळी खाकरा होतो. उपासनेच्या तासभर आधी कापा आणि पांढऱ्या ओलसर रुमालाखाली ठेवा. उरलेलं सिंकमध्ये ओतू नका. पाळक आणि सेवक तिथेच संपवतात किंवा रस बागेत मातीला देतात. तुमच्या मंडळीची रीत काय आहे ती मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठ कारभाऱ्यांना) विचारून घ्या.

ऐंशी कुटुंबं आहेत. ‘पाळकसाहेब आमच्याकडे येत नाहीत’ ही तक्रार कधी संपेल?

हिशेब करून पाहा. आठवड्याला चार भेटी धरल्या तर ऐंशी घरं व्हायला वीस आठवडे, म्हणजे वर्षात दोन फेऱ्या. हे कमिटीसमोर आकड्यांत मांडलं की तक्रारीतली धार कमी होते. त्यातही आजारी, एकटे राहणारे आणि नुकतं दुःख झालेले यांना महिन्यातून एकदा, बाकीच्यांना पाळीने. भेटीची वही ठेवा: तारीख, घर, कोण होतं, पुढे काय करायचं. घरात सांगितलेलं गुपित वहीत लिहायचं नाही. वही उद्या दुसऱ्याच्या हातात जाणार आहे.

संध्याकाळी दोनच घरं घ्या, प्रत्येकी चाळीस मिनिटं. फोन करून जा. खायला काही नको हे फोनवरच सांगा, नाहीतर पहिल्या घरी पोहे आणि दुसऱ्या घरी कचोरी होते, आणि ज्यांच्याकडे द्यायला काही नसतं ती घरं तुम्हाला बोलावणंच टाळू लागतात. एकट्या बाईच्या घरी पाळकाने एकट्याने जाऊ नये. महिला मंडळातलं कोणीतरी बरोबर असावं.

दवाखान्यात दहा मिनिटं पुरेत. नर्सला विचारून आत जा, खाटेवर बसू नका, डोक्यावर हात ठेवायच्या आधी रुग्णाला विचारा, एक छोटं स्तोत्र म्हणा आणि निघा. शेजारच्या खाटेवर पत्रक ठेवायचं नाही. कायदा सोडा, तो माणूस आजारी आहे.

रात्री कोणी वारलं तर पहिल्या बारा तासांत काय काय करायचं?

मृत्यू घरी झाला असेल तर आधी डॉक्टर. मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला मिळाल्याशिवाय पुढची हालचाल नको. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं. दवाखान्यात मृत्यू झाला तर कागद तिथून मिळतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. अंत्यविधीच्या गडबडीत कागद हरवतात, म्हणून कमिटीतल्या एकाने सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत.

मग वेळ ठरवा. पुणे-नगरकडचे नातेवाईक येणार असतील तर शीतपेटी लागते. मे महिन्यात ‘बर्फाच्या लाद्या ठेवू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. दफनाची वेळ जाहीर करण्याआधी कबर खणणाऱ्याशी बोला. सात फूट लांब, तीन फूट रुंद, पाच ते सहा फूट खोल खणायला दोन माणसांना चार ते सहा तास लागतात. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि पावसाळ्यात चिकट. पावसात खड्ड्यात पाणी झिरपतं. तेव्हा पंप, चार मजबूत फळ्या आणि ताडपत्री आधीच नेऊन ठेवा. पेटी उतरवताना कडेला उभे राहणारे घसरतात, म्हणून फळ्या.

पेटी सांगताना उंचीवर चार इंच आणि खांद्याचं माप, दोन्ही द्या. नुसती उंची सांगितली की खांद्याशी अडतं. आणि एक गोष्ट, जी ऐनवेळीच लक्षात येते: तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या जिन्यात पेटी वळत नाही आणि लिफ्टमध्ये मावत नाही. पेटी खाली ठेवा, शरीर स्ट्रेचरवर किंवा जाड चादरीत खाली आणा आणि पार्किंगमध्ये पेटीत ठेवा. घरच्या बायकांना हे आधी शांतपणे सांगा.

सिमेंटचं थडगं लगेच बांधू देऊ नका. काळी माती फुगते, आकसते, खचते. एक पावसाळा जाऊ द्या, खचलेली जागा पुन्हा भरा, मगच बांधकाम. घाई केलेल्या थडग्यांना वर्षभरात तडे जातात आणि मग कबरस्तान कमिटीला बोल लागतो.

हिंदू नातेवाईक दहाव्या-तेराव्याचं विचारतात. तिथे वाद घालायची गरज नाही. दहाव्या दिवशी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना आणि जेवण ठेवलं तर सगळे येतात.

लग्न लावताना कायद्याच्या बाजूने कुठे चुकतं?

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. त्यानुसार लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळात लागावं लागतं. विशेष परवान्याची सूट काही चर्चेसना आहे, पण ती गृहीत धरू नका. लग्नसराईत एखादी वरात रस्ता अडवून बसते आणि पाचचं लग्न पावणेसातवर येतं. पत्रिकेवर साडेतीनच छापा.

बाकी तपासायच्या गोष्टी: लग्न लावणाऱ्या पाळकाला तसा कायदेशीर अधिकार किंवा परवाना आहे का (बदलून आलेल्यांनी हे पहिल्याच आठवड्यात पाहावं). वर २१ आणि वधू १८ वर्षं पूर्ण. दोन साक्षीदार. वधू किंवा वर दुसऱ्या मंडळीचे असतील तर तिथल्या पाळकाचं पत्र. सर्वांत जास्त त्रास नावाच्या स्पेलिंगचा होतो. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरला एक, आधारला दुसरं, पासपोर्टला तिसरं. रजिस्टर भरण्याच्या पंधरा दिवस आधी नाव कोऱ्या कागदावर दोघांकडून लिहून घ्या आणि तेच रजिस्टरला उतरवा. रजिस्टरमध्ये खाडाखोड झालीच तर व्हाइटनर नाही. चूक एका रेघेने खोडा, शेजारी बरोबर लिहा आणि सही करा.

दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी या कायद्याखाली लग्न लागू शकतं. मात्र लग्नासाठी बाप्तिस्मा देऊन टाकू, असं कोणी सुचवलं तर पुढचं उत्तर वाचा. ज्यांना आपापला धर्म ठेवायचा आहे त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, त्यात ३० दिवसांची नोटीस असते.

दुसऱ्या धर्मातला माणूस स्वतःहून बाप्तिस्मा मागतो. काय करायचं?

मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य कायदा, २०२१ प्रमाणे धर्मांतर करणाऱ्याने आणि विधी करणाऱ्या पाळकानेही साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. लग्नाच्या बाबतीत नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला होता: स्वेच्छेने लग्न करणाऱ्या सज्ञान व्यक्तींवर या नोटिशीच्या कलमाखाली कारवाई करू नये. पण त्याचा अर्थ आता काही लागत नाही असा काढू नका. आधी वकील, मग अर्ज, मग विधी. मदत, नोकरी, शाळेचा प्रवेश, बरं होण्याचं वचन यांतलं काहीही बाप्तिस्म्याच्या बोलण्यात येता कामा नये. माणूस घाईत असेल तर त्याला वर्षभर उपासनेला येऊ द्या. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या बाळाचा बाप्तिस्मा हे धर्मांतर नव्हे, त्याला हे लागू नाही.

नाताळची मध्यरात्रीची उपासना, ईस्टरची पहाट आणि लाउडस्पीकर?

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत रात्री बारापर्यंत वाढवू शकतं. त्या यादीत २४ डिसेंबर आहे का ते दरवर्षी विचारून घ्या, गेल्या वर्षीचं पत्र दाखवून भागत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून आपल्या राज्यात प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांकडे जास्तच लक्ष आहे. आतला आवाज आत ठेवा, अंगणात स्पीकर नको.

ईस्टरला एप्रिलच्या सुरुवातीला इंदूरात सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. साडेपाचला कबरस्तानात जमा, पहिली दोन गीतं बिनमाइकाची म्हणा, सहानंतर माईक लावा. तसंही त्या वेळी बिनमाइकाचंच चांगलं वाटतं.

रंगपंचमी बहुधा लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या) काळात येते. २०२३ साली ती १२ मार्चला, रविवारीच आली होती. गेर (रंगांची मिरवणूक) निघते तेव्हा राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात. असा रविवार आला तर उपासना सकाळी साडेसातला घेऊन नऊच्या आत लोकांना घरी पाठवा आणि हे दोन रविवार आधीपासून सांगा.

दारावर मदत मागायला रोज कोणीतरी येतं.

रोख देऊ नका. औषध हवं असेल तर मेडिकलवाल्याला थेट पैसे द्या, फी असेल तर शाळेत भरा, गावी जायचं असेल तर तिकीट काढून द्या. ‘गाडी चुकली’ म्हणणारा तिकिटाऐवजी पैसेच मागत असेल तर उत्तर मिळालं. पाळकाला एकट्याने किती देता येईल याची मर्यादा कमिटीने ठरवावी. त्यावरची रक्कम दोन वडिलांना विचारून. यामुळे ‘नाही’ म्हणायचं ओझं एकट्या पाळकावर, खरं तर पाळकबाईंवर, पडत नाही. दार बहुधा त्याच उघडतात.

संडेस्कूलसाठी काही नियम?

प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं, दार उघडं किंवा काचेचं, आणि मूल ठरलेल्या माणसाच्याच हाती. एखाद्या मुलाने कोणाच्या वागण्याबद्दल काही सांगितलं तर खोदून विचारू नका, त्याचे शब्द आहेत तसे लिहा आणि त्याच दिवशी कळवा. २०१२ च्या पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. मुलांची हेल्पलाइन १०९८. कमिटीत बसून ‘आपापसांत मिटवू’ हा पर्याय नाही, समोरचा माणूस कितीही जुना वडील असो.

प्रीतिभोजनानंतर कचरा?

ओला आणि सुका सुरुवातीलाच वेगळा, दोन डब्यांजवळ दोन तरुण उभे. हे इंदूर आहे, मिसळलेला कचरा गाडीवाला घेत नाही. स्टीलची ताटं असतील तर धुवायची पाळी पुरुषांनाही लावा.

पाळकांची बदली झाली. काय ताब्यात घ्यायचं?

बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), विवाह आणि दफन यांची रजिस्टरं, शेवटच्या नोंदीचा क्रमांक दोघांनी सही करून. भेटीची वही. आजारी आणि घराबाहेर न पडणाऱ्यांची यादी. ठरलेली लग्नं. कबरस्तानाचा नकाशा, नसेल तर जुन्या माणसाला घेऊन एका सकाळी तो काढून घ्या, कारण कोणाची कबर कुठे हे बहुधा एकाच म्हाताऱ्याच्या डोक्यात असतं. बँकेत सही बदलायचा ठराव. मंडळीच्या ईमेलचा आणि यूट्यूबचा पासवर्ड, जो नेमका पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाकडे असतो. आणि किल्ल्या: प्रत्येकीला चिठ्ठी बांधून, निघायच्या आधी प्रत्येक कुलूप एकदा उघडून बघून.